एका विम्यात दोन मोटारी

“एका विम्यात दोन मोटारी? आमची कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे, बाई?” पुण्याचा विमेवाला साहेब असा हसला, की चष्मा नाकावरनं घसरला.

“तसं न्हवं साहेब,” गौरम्मा म्हनली. “एक यांची, एक माज्या बापानं दिलेली. पर एका टायमाला एकच भायेर जाती. एक फिरती, दुसरी निजती. मग निजलेलीचा विमा कशाला?”

नवरा सिद्रामप्पा तिच्यामागं हुबा. अडतीच्या दुकानात वाघ, पर बायकोपुढं तोंड उगडायचा न्हाय. शेजारची मोटार जळून राख झाली तवा त्यो एकदाच बोलला हुता, “बिगर विम्याची गाडी दारात नको. आन दोन विमे परवडत न्हाईत. तुज्या बापाची गाडी इकू.” तवापासनं गौरम्मा एका विम्याची वाट शोधत हुती. मेलेल्या बापाची तेवढीच खूण राहिलेली.

साहेबानं मोटारखाना बघितला. दोनी गाड्या काळ्या, एकाच कारखान्याच्या. मधी तुळईला जाड साखळी लोंबत हुती.

“ही कशाला?”

“झोपाळ्याची की.”

सिद्रामप्पाच्या गाडीचं झाकण उगडून साहेबानं इंजिन तपासलं. झ्याक! गौरम्माच्या गाडीकडं वळला, तर ती आडवी आली.

“आज सोमवार, सिद्धेश्वराचा वार. माज्या बापाची गाडी सोमवारी उगडत न्हाईत. उद्या या की.”

मंगळवारी साहेब आला. तेबी इंजिन झ्याक. आवाजबी तसाच. म्हाताऱ्यागत तीनदा खोकायचं, मग सुरू.

“जुळ्या बहिणी आहेत हो!” साहेब म्हनला.

तरी त्येच्या मनात पाल चुकचुकली. समोरच्या च्याच्या हाटेलात त्यो ठाण मांडून बसला. एक दिस सिद्रामप्पाची गाडी जायची, एक दिस गौरम्माची. दोनी मिळून कवाच न्हाय. मग साहेबानं परीक्षा बघायची ठरवली.

एका सकाळी त्येनं दोन खोटे निरोप धाडले. गौरम्माला, अक्कलकोटला आईचा पाय घसरला, लगेच या. सिद्रामप्पाला, होटगीच्या मळ्यात बैल हिरीत पडला. आन आपन फाटकात दबा धरून हुबा. आता निघत्यात दोनी!

गौरम्मा गाडी घिऊन सुटली. धुरळा असा उडाला, की तळ्यावरचे बगळे काळे पडले.

मागनं सिद्रामप्पा आला. अनवानी, धोतर सावरत. “टांगा! ए टांगेवाल्या!”

“अहो, तुमची मोटार आहे ना घरात?” साहेब वरडला. “बैल बुडतोय तुमचा!”

सिद्रामप्पानं मोटारखान्याकडं बघितलं.

“आज तिची पाळी, साहेब. शबुद दिलाय आमी.” आन टांग्यात उडी मारली.

साहेबाच्या डोळ्यात पानी आलं. बैल बुडतोय, मोटार दारात, आन मानूस शब्दासाठी टांग्यामागं पळतोय! “असं जोडपं अख्ख्या इलाख्यात सापडायचं नाही,” म्हनत त्यो वट्ट्यावरच बसला. दोनी गाड्यांचा एकच विमा लिवला, वर पदरचा नारळ ठिवला आन दुपारच्या आगगाडीनं पुण्याला गेला.

दिस कलायला सिद्रामप्पा परतला. बैल मजेत कडबा खात हुता. गौरम्माबी परतली. आईनं हुबं राहून पुरणाचे कडबू तळून वाढले हुते. वट्ट्यावरचा कागद बघून दोगंबी पोट धरधरून हसली. बापाची गाडी वाचली!

मग गौरम्मानं पदर खोचला, बांगड्या कोपरापतुर वर सारल्या. मोटारखान्याचं दार आतनं लावलं आन तुळईची साखळी खाली वढली.

“अवो, हसताय काय? धरा खालनं,” ती म्हनली. “उद्या तुमची पाळी. ह्ये एकुलतं इंजिन तुमच्या गाडीत बसवायचंय.”