चालत्या गाडीतला मंत्र

सर्पदंशावरचं पथनाट्य रंगात आलं होतं. मेडिकलला शिकणारा निनाद खोटी दाढी लावून भोंदू भगत झाला होता. इतक्यात एक बाई गर्दीतून घुसली आणि तिनं आपली लहान मुलगी त्याच्या पायांवर घातली.

"बाबा, पोरीला साप डसलाय. इख उतरवा!"

मुलीच्या पापण्या मिटत होत्या. "मावशी, हे नाटक आहे. दवाखान्यात चला," निनादची मैत्रीण म्हणाली. बाईनं पोरीला घट्ट कवटाळलं.

"दवाखान्यातच माझा थोरला गेला. न्हाई यायची मी."

निनादचा हात दाढी काढायला वर गेला आणि तिथंच थांबला. "माझा मंत्र चालत्या गाडीतच लागू होतो," तो भगताच्या आवाजात गरजला. "चढ आमच्या जीपमध्ये!"

बाई पोरीला घेऊन चढली आणि जीप सुटली. "म्हणा की आता!"

मुलीची नाडी धरून निनाद पायाच्या हाडांची लॅटिन नावं मोठमोठ्यानं म्हणू लागला. दवाखान्याचं फाटक येईपर्यंत तो थांबला नाही.