खुशीच्या दातांचा फ्लेक्स

मानवाच्या प्रगतीचा खरा इतिहास त्याच्या दातांवर लिहिलेला असतो. हा इतिहास अकोल्याहून दुपारच्या एसटीने बार्शीटाकळीला आला. निळ्या प्लास्टिकच्या डबीत होता. शेषरावांनी ती डबी वाटभर मांडीवर धरली होती, घरी गणपती आणावा तशी.

शेषरावांचं बसस्टँडपाशी फळांचं दुकान. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं समजावलं होतं. आधी स्टीलची तार होती. मग दाताच्याच रंगाच्या सिरॅमिकच्या टिकल्या आल्या. आता काचेसारखं पातळ, पारदर्शक कवच. दातांवर चढवायचं; दात हळूहळू मागे सरकतात आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. ऐकता ऐकता शेषराव खुर्चीतून उभेच राहिले. "हे तं रॉकेटच्या तोडीचं काम आहे, बाई!"

त्यांची लेक खुशी दहावीत. पुढचे दात ओठांबाहेर यायचे, म्हणून हसताना तळहात तोंडावर. तिची एकच अट होती : "बाबा, कोनाले सांगू नका." शेषरावांनी गळ्याची शपथ घेतली.

संध्याकाळी शेजारच्या माणिकबाई केळी घ्यायला आल्या. खुशी डबीतलं कवच दातांवर चढवून गल्ल्यावर बसली होती.

"माणिकबाई, आमच्या खुशीकडं पाहा बरं. काई वेगळं दिसून राह्यलं काय?"

"काईच नाई, भाऊ."

"नाई ना!" शेषराव आनंदाने ओरडले आणि दोन केळी जास्तीची दिली. पुढच्या गिऱ्हाइकालाही काही दिसलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. हळूहळू शेषरावांचा आनंद दुखायला लागला. गावातल्या उत्तमरावांचा नातू हसला, की त्याची स्टीलची तार चौकाच्या त्या टोकापर्यंत चकाकायची. सारं गाव थांबून बघायचं. आणि इथे एवढं विज्ञान तोंडात, पण कोणाच्या खिजगणतीत नाही!

ते तडक फ्लेक्सवाल्याकडे गेले. "हसनारा फोटो द्या, काका," तो म्हणाला. शेषराव बराच वेळ मोबाईल चाळत राहिले.

सकाळी चौकात फटाक्यांची लड फुटली. वर फ्लेक्स : "अत्याधुनिक! अदृश्य! कु. खुशी हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त फळविक्रेते मित्रमंडळ." कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून दातांकडे दाखवणारा लाल बाण. माना वर करून लोक शोधत होते.

खुशीची सायकल कचकन थांबली. "बाबा! कोनाले सांगू नका म्हनलं होतं ना?"

"मी कोनाले सांगतलं? नुसता फ्लेक्स लावला."

खुशीने रागाने वर पाहिलं. पाहतच राहिली. मग फसकन हसली. इतकं, की तोंडावर हात न्यायचं राहूनच गेलं. चौकाने तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

बाण टेकला होता तिथे फोटोतल्या खुशीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मोबाईलमध्ये तिचा हसरा फोटोच नव्हता.