रिले चांगला निघाला

"पुन्हा एकदा टेस्ट घ्या ना, मॅडम," सबस्टेशनचा ऑपरेटर खेमसिंग म्हणाला.

यवतमाळहून तपासणीला आलेल्या आभा मॅडमनी किटचं बटन पुन्हा दाबलं. पॅनेलवरच्या रिलेने खट् केलं आणि बाहेर यार्डात ब्रेकर धाडकन पडला.

"कितीदाही घ्या, तेच होणार. रिले चांगला आहे. तार जमिनीला लागली की पाव सेकंदात लाइनची वीज तोडतो. अपघाताच्या दिवशीही तोडली असेल. अर्थ फॉल्ट दाखवला होता ना?"

"हो."

"मग लाइन पाहायला कोण गेलं होतं?"

अर्थ फॉल्ट दिसला की आधी लाइनमनने तारेखालून चालत जायचं, मगच लाइनमध्ये वीज सोडायची, हे खेमसिंगला पाठ होतं. पण लाइनमन त्या दिवशी राजूरला गेलेला. आणि सबस्टेशनात सगळेच आधी ट्रायल घेत. फांदी घासली असेल, पक्षी बसला असेल. सोडून पाहायची, टिकली तर टिकली.

मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्या वायरी गुंडाळू लागल्या.

रिले बिघडलेला निघावा म्हणून खेमसिंग देव पाण्यात घालून बसला होता. मारेगावच्या बाजारात लोक म्हणत, "मशीनच सडेल हाय," आणि तो मान हलवत असे.

फाटकाशी निंबाखाली रामराव सकाळपासून बसला होता. अपघातात गेलेली विमलताई त्याची बायको. वावरातल्या तुरीवर तार तुटून पडली होती. लाइन गेलेली आहे, हे तिला माहीत होतं. झाडं मोडू नयेत म्हणून तिने तार हाताने उचलली. तेवढ्यात इकडे खेमसिंगने ट्रायल घेतली. पाव सेकंद पुरला.

"काय निघालं?" रामरावने विचारलं. "मशीन खराबच होती ना?"

हो म्हटलं असतं तर तो उठून घरी गेला असता. खेमसिंग त्याच्या शेजारी खाली बसला.

"मशीन चांगली हाय, रामरावजी. तिनं तोडली होती लाइन. मी सोडली. पाहाले कोणाले धाडलं नाही."

रामरावने खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं, पुन्हा खांद्यावर टाकला. खेमसिंगला वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर बरंच झालं असतं.

"मी फोन केलता म्हून सोडली तू," रामराव म्हणाला. "शिव्याबी देल्या तुले. म्हटलं, झोपला काय बे."

"फोन साऱ्यायचेच येतात. बटन माह्या हाती होतं."

"तिले म्हटलं होतं मी, तू हो पुढं वावरात. लाइन आणतो मी."

आत मॅडमनी लाइन पुन्हा चालू केली. यार्डातून ट्रान्सफॉर्मरची घुमघुम ऐकू येऊ लागली.

"गाव अन् वावर एकाच लाइनवर हाय आमचं," रामराव म्हणाला. "त्या वक्ती घरचा पंखा हालला. अर्धी गिरकी घेतली अन् थांबला. मले बरं वाटलं. म्हटलं, चला, आली."