शेजाऱ्याकडचं हाड

हाड भिंतीपलीकडे धप्पकन पडलं आणि तोकतोसूनला बरं वाटलं. घोड्याच्या पायाचं हाड, थंडीने दगडासारखं झालेलं. शेजारच्या शार्शेनच्या अक्कुश कुत्रीने ते एकदा नेटाने चावलं की तिची दाढ गेलीच म्हणून समजा.

शिकारी कुत्र्यांच्या गावजत्रेत गेली दोन वर्षं अक्कुशच पहिली येत होती. पळायला तोकतोसूनचा कुत्रा बुर्कूत तिच्याहून उजवा, हे गावातली पोरंसोरंही सांगत. पण पंच जुमाश आजोबा आधी कुत्र्याचं तोंड उघडायचे. ज्याचे दात धड नाहीत त्याला कोल्ह्यामागे सोडायचं नाही, हा त्या डोंगरातला रिवाज. अक्कुशचे दात बघून म्हातारा नुसता विरघळायचा.

शार्शेनची मुलगी शहरात जनावरांची डॉक्टर होती. तिनेच ब्रश धाडला होता. रोज संध्याकाळी शार्शेन दारात बसायचा आणि लाडीगोडी लावत अक्कुशचे दात घासायचा. तोकतोसून भिंतीवरून बघायचा आणि जळायचा. मागच्या वर्षी हरल्यावर त्याने भर जत्रेत विचारलं होतं, "आता लाली पण लावतोस का रे तिला?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

एक ब्रश आपणही आणू, असं बायको बुरुलने सुचवून पाहिलं. शार्शेनची नक्कल करण्यापेक्षा कुत्रा विकीन, असं तो म्हणाला. त्यापेक्षा हाडं सोपी होती. मेहुण्याकडे घोडा कापला होता, त्याची हाडं आणून त्याने छपरावर ठेवली होती. दिवस कलला की एक उचलायचं आणि पलीकडे टाकायचं. बुर्कूतला मात्र तो आपल्या ताटातलं मऊ मांस भरवायचा. हल्ली बुर्कूत त्यालाही नीट तोंड लावत नव्हता. जत्रा जवळ आल्याचं जनावरालाही कळतं, अशी तोकतोसूनने स्वतःची समजूत घातली.

जत्रेच्या दिवशी जुमाश आजोबांनी अक्कुशचा ओठ वर केला. दात पांढरेशुभ्र, एक टवकाही उडालेला नाही. तोकतोसूनने मान लांब करून पुन्हा पाहिलं. मग आजोबांनी बुर्कूतचा जबडा उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मोठी दाढ उभी चिरली होती. हिरडी सुजून लाल झाली होती.

"हा आता पळायचा नाही," आजोबा म्हणाले. "एवढी टणक हाडं घालतात होय कुत्र्याला?"

"शप्पथ सांगतो, एक हाड दिलेलं नाही," तोकतोसून म्हणाला. बुर्कूत त्याला पोटच्या पोरासारखा होता.

गर्दीतून शार्शेन पुढे आला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"चूक माझी आहे, तोकतोसून. बोलत नाहीस तरी रोज आठवणीने भिंतीवरून हाड देतोस, मला भरून यायचं रे. पण मुलीने अक्कुशला हाड घालायची बंदी केलीय, आणि शेजाऱ्याकडून आलेलं फेकणार कसं? म्हटलं, तू देतोस म्हणजे तुझ्या कुत्र्याला सवय असणार. रोज मागच्या कुंपणातून बुर्कूतलाच देत होतो."