कोरा लॅपटॉप

या मायबाप, जवळ सरका. टाळ क्षणभर खाली ठेवा. बूढापारा मोहल्ल्यातली एक गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता छातीत धडधडलं, तर नामाचा आधार घ्या.

वनमालाच्या लॅपटॉपच्या दुकानात एक अनोळखी माणूस शिरला. बोली नागपूरकडची.

"दीदी, लॅपटॉप द्या, पण कोरा. आतलं सॉफ्टवेअर माझं मी टाकीन, फुकटवालं."

वनमाला सावध झाली. गेल्याच महिन्यात शेजारच्या सुशीलनं एका गिऱ्हाइकाला असाच कोरा लॅपटॉप दिला होता. ते गिऱ्हाईक निघालं सॉफ्टवेअर कंपनीचं माणूस! मशीन घ्यायचं तर आत आमचंच सॉफ्टवेअर, असा त्या कंपनीचा लॅपटॉप बनवणाऱ्यांशी करार. कंपनीच्या एका शब्दावर सुशीलचा माल थांबला. शटर पडलं ते पडलंच.

"कोरा नाही मिळत, भैया."

"काहून? जे मले नको, त्याचे पैसे मी काहून भरू? समोसा मागितला तर जिलबी गळ्यात बांधता का?"

"जिलबी गोड लागते भैया. लोक आवडीनं नेतात." वनमाला हसली.

माणूस काउंटरवर वाकला. आवाज खाली आणला.

"कंपनीची जबरदस्ती आहे ना? मले खरं सांगा."

हाच तो डाव, वनमालानं ताडलं. नवरा गेल्यापासून घर या दुकानावर चाललं होतं, लेक अनुश्रीचं कॉलेजही. पांडुरंगा, जीभ सांभाळ रे बाबा!

"जबरदस्ती कोण करते? आम्ही आपल्या मर्जीनं विकून राहिलो. गिऱ्हाईकच मागते."

"मग शेजारचं शटर?"

"सुशीलभाऊले धंदा नाही जमला. उगाच कंपनीवर खापर फोडते तो."

"पक्कं?"

"देवाशपथ."

माणूस सरळ झाला. वनमालानं हळूच श्वास सोडला. वाचले!

त्यानं खिशातून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. त्यावर सरकारी शिक्का होता.

"मी दिल्लीहून चौकशीला आलो, ताई. सुशीलभाऊंनी कंपनीविरुद्ध तक्रार केली आहे. त्यांच्या बाजूनं बोलणारा एक दुकानदार हवा होता, म्हणून गिऱ्हाईक बनून फिरून राहिलो. तुमचं शेवटचं दुकान. सगळे हेच बोलले. आता तक्रार बंद करावी लागते."

मायबाप, आज आरतीला हात जोडाल, तेव्हा सुशीलची आठवण ठेवा.