पिवळं बूच

शेवटून तिसरा बोल्ट सैल झाला, गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन एका अंगाला कलंडलं, आणि आतलं तेल थेट अलॉन्झोच्या कानात गेलं.

तो पिकअपखालून सरपटत बाहेर आला. मानेवरून तेल ओघळत होतं. काळं आणि करपल्या वासाचं. घरासमोरच्या सिमेंटवर थारोळं साचलं होतं. तिथे चाकाजवळ चार गोल गंजके डाग होते, बाबांच्या तेलाच्या डब्यांचे असावेत. तेल त्यांनाही वळसा घालून पुढे गेलं.

व्हरांड्यात त्याची आई अर्नेस्टीन लोखंडी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. तिने एकदा थारोळ्याकडे पाहिलं, एकदा लेकाकडे.

"तुझ्या बाबांनी अठरा वर्षं बदललं हे तेल. एक थेंब सांडला नाही कधी."

"माहितीये, आई."

"शर्टसुद्धा पांढराच असायचा वर येताना."

"तेही सांगून झालंय तुझं. सकाळपासून तीनदा."

"आणि गात असायचे खाली."

अलॉन्झो पुन्हा गाडीखाली शिरला आणि पॅन काढून बाहेर आला. एका बोल्टचं डोकं झिजलं होतं, दुसऱ्यावर पाना घसरून बोटांची सालं निघाली होती, आणि जुन्या फिल्टरची रबरी कडी वर भोकात अशी रुतून बसली होती की देवाचं नाव घेऊनही हलत नव्हती. चढावर गाडीचा गिअर सुटतो, तेल बदलून दे, असं आईनेच फोनवर सांगितलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने गॅरेजचा रस्ता धरला असता. पण जानेवारीत बाबांना इथे मेकनच्या मातीत पुरल्यापासून त्याने मनाशी धरलं होतं, या एका कामात तरी त्यांच्या पंगतीला बसायचं. म्हणून अटलांटाहून तो रजा काढून आला होता.

त्याचे बाबा, वॉर्डेल, बोलताना अक्षराअक्षराला अडखळायचे. एकदा चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहिले तर मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. त्यानंतर ते फक्त दाराशी उभे राहून येणाऱ्याच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा देत. दर शनिवारी मात्र ते पिकअपखाली शिरायचे, आणि तिथे त्यांची जीभ मोकळी सुटायची. पाळकबाबांचं प्रवचन जसं बोलण्यातून हळूहळू वर चढतं आणि कधी गाणं होऊन जातं ते कळत नाही, तसं सगळंच्या सगळं ते खाली गायचे. अलॉन्झोने ते अटलांटाहून आईशी फोनवर बोलताना मागून ऐकलं होतं. गळा त्याला बाबांचाच मिळालेला, चर्चच्या गायकवृंदात पुढचा आवाज त्याचा. पण बाबांना पुरल्या दिवसापासून त्या गळ्यातून सूर निघाला नव्हता. उद्या ईस्टर. गाशील का म्हणून पाळकबाबांनी विचारलं, तर त्याने नुसती नकाराची मान हलवली होती.

"अरे, पॅन धू आधी," जवळच घडीच्या खुर्चीत बसलेले शेजारचे क्लिओफसकाका ओरडले. बसच्या डेपोत तीस वर्षं पाने चालवून त्यांचे गुडघे गेले होते, तोंड शाबूत होतं. "तळाला लोहचुंबक असेल. त्यावरचा लोखंडाचा चिखल पूस. का तेही मीच करू?"

अलॉन्झोने पॅनमध्ये हात घातला. चुंबकाशेजारी काही तरी बोटाला लागलं. अंगठ्याएवढं, पिवळं, प्लास्टिकचं.

"काका, आतलं काही तुटलं वाटतं."

काकांनी ते हातात घेऊन पुसलं. मग उन्हात धरून उलटंपालटं करून पाहिलं.

"तुटलं नाही काही. कारखान्यात गिअरबॉक्सच्या भोकाला हे बूच लावतात, धूळ जाऊ नये म्हणून. तेल मोजायची नळी बसवताना ते आत ढकलतात. पडून राहतं पॅनमध्ये. पहिल्यांदा पॅन उघडणारा ते काढून टाकतो." त्यांनी बूच त्याच्या तळहातावर ठेवलं. "पहिल्यांदा, लोन्झो."

अलॉन्झो तसाच तेलाच्या पावलांनी व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी गेला.

"बघ हे! गाडी नवी घेतल्यापासून बाबांनी पॅनला हात लावलेला नाही! थेंब सांडणार कुठून? शर्ट मळणार कशाने? आणि तू सकाळपासून माझा जीव खातेयस!"

"ठाऊक आहे," अर्नेस्टीन म्हणाली. "तेलाचे डाग धुऊन निघत नाहीत. आणि त्यांचे शर्ट मीच धुवायचे."

अलॉन्झोने बूच पायरीवर ठेवलं.

"मग मला कशाला घातलंस त्या गाडीखाली?"

तिने शेंगांचं टोपलं खाली ठेवलं. लोखंडी खुर्ची उचलली, धापा टाकत पायऱ्या उतरली, आणि पिकअपच्या चाकाजवळ नेऊन ठेवली. खुर्चीचे चार पाय त्या चार गंजक्या डागांवर नेमके बसले.

"तुझ्या बाबांना चारचौघांत गाता येत नव्हतं," खुर्चीत टेकत ती म्हणाली. "म्हणून दर शनिवारी गाडी बिघडायची. तुझा आवाज जानेवारीपासून अडकलाय. जा खाली. मी ऐकतेय."