लई जीव हाय त्याचा

तनुजाला मोबाईलवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायचं वेड होतं, त्यातही दोन मुलांच्या प्रेमाच्या गोष्टींचं. म्हणूनच लातूरच्या कॉलेजात सुगतनं फक्त तिलाच सांगितलं होतं, की खोलीवरच्या रणजितवर त्याचं प्रेम आहे.

एकदा कॅन्टीनमध्ये सुगतनं बाही वर केली. दंडावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"मी न्हाई म्हणलं तरी रणजित ऐकत न्हाई गं. कुणाशी बोललो की असं करतो. खोली सोडायचा विचार करायलोय."

तनुजाचे डोळे चमकले. "अरे, मांगात अगदी असंच असतंय! एक दांडगा, रागीट; दुसरा लाजाळू. लई जीव हाय त्याचा तुझ्यावर. सोडू नको त्याला."

सुगतनं बाही खाली ओढली. खोली काही सोडली नाही.

महिन्याभरानं तो दवाखान्यात होता, जबडा तारेनं बांधलेला. बोलता येत नव्हतं. निलंग्याहून आलेल्या त्याच्या आईनं तनुजाचा हात धरला, तेव्हा तिला मान वर करवेना.



"माय, तुझ्यासारख्या शिकलेल्या मैत्रिणीला तरी सांगायचं की त्यानं! तू त्याला तिथं राहू दिलं नसतंस."